सँ-जँगोल्फ : गाव एक, शिरगणती दोन

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत सीमेवरच्या गावांवरचा लेख वाचला. जिनिव्हा सरोवराकाठच्या सँ-जँगोल्फला मराठी वर्तमानपत्रात अर्धे पान मिळाले, त्याबद्दल आपले मनापासून आभार. पण तिसऱ्या परिच्छेदात लोकसंख्या आली आणि हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

‘गावाची वस्ती नऊशे, निम्मे फ्रेंच आणि निम्मे स्विस,’ असे आपण छापले आहे. हे साफ चूक आहे. नऊशेच्या घरातला आकडा एकाच काठाचा आहे. मॉर्ज नदीच्या पूर्वेला स्वित्झर्लंडच्या वाले कॅन्टनमधले (कॅन्टन म्हणजे स्विस प्रांत) सँ-जँगोल्फ आहे आणि पश्चिमेला फ्रान्सच्या ओत-साव्हुआ जिल्ह्यातले. दोन्हीकडे स्वतंत्र कम्यून आहे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या पातळीची संस्था, आणि दोघींचे नाव एकच. एकेका बाजूला हजाराच्या आसपास माणसे राहतात, म्हणजे सगळे गाव दोन हजारांच्या आतबाहेर. लेखकाने कुठल्या तरी एका कम्यूनचा आकडा उचलला, तो पुऱ्या गावाचा समजला आणि वर त्याचे दोन तुकडे केले.

ही चूक नेहमी होते, कारण दोन देश माणसे मोजतात वेगवेगळ्या रीतीने. फ्रान्समध्ये दहा हजारांखालच्या कम्यूनची शिरगणती पाच वर्षांतून एकदा होते. दरवर्षी अशा कम्यूनपैकी एकपंचमांश कम्यून हाती घेतात. त्यावरून काढलेली अधिकृत लोकसंख्या डिसेंबरअखेर जाहीर होते, पण ती असते तीन वर्षांपूर्वीच्या 1 जानेवारीची. म्हणजे 2024 साली लागू झालेला आकडा 1 जानेवारी 2021 चा. शिवाय तिथे दोन आकडे छापले जातात. एक कम्यूनमध्ये प्रत्यक्ष राहणाऱ्यांचा. दुसरा ‘एकूण’ म्हणवला जाणारा, ज्यात घर गावात पण शिक्षणासाठी बाहेर राहणारी मुलेही धरतात. बेरजेसाठी हा दुसरा आकडा घ्यायचाच नसतो, कारण ती मुले दुसऱ्या कम्यूनच्या आकड्यातही असतात आणि दोनदा मोजली जातात. स्वित्झर्लंडमध्ये 2000 पर्यंत दर दहा वर्षांनी घरोघर गणना होत असे. 2010 पासून नगरपालिकांच्या नोंदवह्यांवरून दरवर्षी 31 डिसेंबरची कायम वस्ती काढतात, आणि बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या परवान्यावर नुकते आलेले लोक त्यात धरत नाहीत.

म्हणून दोन काठांची बेरीज करायची तर, उदाहरणार्थ, फ्रेंच बाजूचा 1 जानेवारी 2021 चा ‘प्रत्यक्ष’ आकडा आणि स्विस बाजूचा 31 डिसेंबर 2020 चा आकडा घ्यावा. एका दिवसाचे अंतर, जुळणी बरोबर. ‘ताजे’ म्हणून दोन्ही संकेतस्थळांवरचे वरचे आकडे घेतले, तर दोन-तीन वर्षांची तफावत नकळत आत शिरते, आणि एवढ्याशा गावात एक नवी इमारत उभी राहिली तरी ती तफावत डोळ्यांवर येते.

‘निम्मे फ्रेंच, निम्मे स्विस’ हे तर त्याहून चूक. काठ आणि नागरिकत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. स्विस बाजूला राहणारा प्रत्येक जण स्विस नागरिक नसतो. फ्रेंच बाजूला घर करून रोज पूल ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये कामाला जाणारे सीमापार कामगार फ्रान्सच्याच गणतीत येतात. त्यांच्याकडे ‘जी’ परवाना असतो आणि आठवड्यातून निदान एकदा घरी परतणे त्यांना बंधनकारक असते. वाले कॅन्टनमध्ये काम करणाऱ्यांचा आयकर, 1983 च्या करारानुसार, ते राहतात त्या फ्रान्समध्ये भरला जातो आणि त्यांच्या एकूण पगाराच्या साडेचार टक्के रक्कम फ्रान्स स्विस बाजूला भरपाई म्हणून देतो. सीमेवरच्या कम्यूनच्या तिजोरीला म्हणूनच कोण कुठे राहतो हे महत्त्वाचे वाटते. लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

भूगोलही असाच उरकला आहे. गाव सरोवराच्या दक्षिण काठावर, मॉर्जने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर वसले आहे. समोर 372 मीटर उंचीवर पाणी आणि पाठीशी ग्रामोंचा 2172 मीटरचा डोंगर. उतार उत्तरेकडे तोंड करून असल्याने हिवाळ्यात ऊन लवकर जाते, आणि घरे बांधायला सपाट जागा जवळजवळ उरलेलीच नाही. वस्ती मर्यादित राहण्याचे मोठे कारण हेच आहे. लेखात म्हटल्याप्रमाणे ‘सीमेमुळे तुटलेले गाव’ हे नव्हे.

सीमा 1569 च्या तोनों करारापासून मॉर्जवर आहे, तीही साव्हॉय आणि वाले या तेव्हाच्या दोन राज्यांत. वाले स्विस संघात आले 1815 साली आणि साव्हॉय फ्रान्समध्ये गेले 1860 साली. त्याआधी नेपोलियनच्या काळात, 1810 ते 1813, दोन्ही काठ फ्रान्सचेच होते. इतक्या उलथापालथीनंतरही चर्च आणि दफनभूमी एकच राहिली, आणि दोन्ही फ्रेंच बाजूला आहेत. स्विस बाजूला वारलेल्या माणसाची शवपेटी पूल ओलांडून फ्रान्सच्या मातीत नेतात. जंगले आणि कुरणे सांभाळणारी मूळ कुटुंबांची संस्थाही दोन्ही काठांची मिळून एकच आहे. जुलै 1944 मध्ये जर्मन सैनिकांनी फ्रेंच बाजूची घरे पेटवली, तेव्हा लोक जीव वाचवायला मॉर्ज ओलांडून स्विस शेजाऱ्यांकडेच गेले. अशा गावाला ‘तुटलेले’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

‘एव्हियांहून रेल्वेने सँ-जँगोल्फला उतरावे’ हा सल्ला (एव्हियां म्हणजे याच काठावरचे फ्रेंच शहर) तर कृपया ताबडतोब मागे घ्यावा. त्या मार्गावरची नियमित प्रवासी गाडी 1938 सालीच बंद झाली. स्विस बाजूची गाडी मात्र चालू आहे. ती सँ-मोरिसहून माँते आणि बुव्हरेमार्गे येते आणि सँ-जँगोल्फलाच थांबते. एव्हियांकडून यायचे तर रस्त्यानेच, सुमारे 17 किलोमीटर.  हा सल्ला वाचून कोणी सामानासकट एव्हियां स्थानकावर ताटकळत बसू नये.

‘पूल ओलांडला की व्हिसाचा प्रवेश संपतो’ हेही खरे नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण डिसेंबर 2008 पासून शेंगेन या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात आहे. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असला तरी पूल ओलांडल्याने तो खर्ची पडत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवावा, कारण जकात वेगळी आहे. फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये नेताना मांस माणशी एक किलोपर्यंत आणि एकूण खरेदी 150 फ्रँकपर्यंत करमुक्त असते. 2025 च्या आधी ही मर्यादा 300 होती. फोनचे रोमिंगही तपासून घ्यावे. फ्रेंच काठावर स्विस टॉवरचा सिग्नल पकडला, तर केवळ युरोपीय संघापुरत्या असलेल्या पॅकमध्ये तो बसत नाही.

जाता जाता छायाचित्राबद्दल. पाण्यात पाय बुडवून उभा असलेला तो किल्ला इव्हुआरचा आहे, सँ-जँगोल्फचा नव्हे. इव्हुआर त्याच सरोवरावर, पण चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला. पुढच्या रविवारी लोकसंख्येची, रेल्वेची आणि छायाचित्राची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली