हक्कसोडपत्राआधी बहिणीला तिचा हिस्सा वाचून दाखवावा

महोदय,

वडिलांचे दिवसकार्य उरकले की गावाकडे दुसरी लगबग सुरू होते, ती वारसनोंदीची आणि तिच्या पाठोपाठ बहिणींच्या हक्कसोडपत्राची. महसूल खात्यात आधी तलाठी आणि पुढे मंडळ अधिकारी म्हणून मी असे कितीतरी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले बदल, हाताळले असल्याने पुढील तक्रारीतला काही वाटा माझ्याही पदरात पडतो.

मध्यंतरी एका परिचिताच्या दस्तावर ओळख पटवण्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. साठी ओलांडलेली त्याची बहीण कॅमेऱ्यासमोर बसली, तिने यंत्रावर अंगठा टेकवला आणि उठता उठता भावाला सहज विचारले, "आपली जमीन आहे तरी किती रे, आबा?" आबा झेरॉक्सच्या प्रती मोजत होता. दस्तात गट क्रमांक होता, क्षेत्र होते, तिचा एक तृतीयांश हिस्साही होता, पण तो तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. "सही तुमचीच ना, दस्त मान्य ना?" एवढेच विचारले गेले आणि बाहेर आल्यावर साडीचोळी देऊन तिची बोळवण झाली.

वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिला आहे. वडिलोपार्जित मिळकतीबाबत महाराष्ट्राने 1994 मध्ये दुरुस्ती केली खरी, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले होते; ही अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही. त्यानंतरही ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात हवेत की नकोत, हा घोळ चालूच होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यातील निकालाने मिटवला: मुलीचा हक्क जन्मानेच येतो. तरीही "तुझ्या लग्नाला खर्च केला, तोच तुझा हिस्सा" हे वाक्य मी चावडीवर इतक्यांदा ऐकले आहे की ते कायद्यात कुठेच नाही, हे सांगताना मलाच अवघडायला होते.

आमच्या दप्तरानेही या समजुतीला हातभार लावला. भावांची नावे सातबाऱ्याच्या कब्जेदार, म्हणजे मालकांच्या, सदरी आणि बहिणींची "इतर हक्कात", अशी नोंद करण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली आणि पुढे बहिणींच्या सहीवाचून जमिनी विकल्या गेल्या.

जी बहीण समजून-उमजून, आईवडिलांचे केलेल्या भावासाठी हिस्सा सोडते, तिच्या निर्णयात कोणी पडू नये. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की ते फिरवायला दिवाणी न्यायालय गाठावे लागते, फसवणूक सिद्ध करावी लागते आणि ती कळल्यापासून तीन वर्षांची मुदतही आड येते. माहेर तुटेल या धास्तीने गप्प बसलेली बाई त्या वाटेला सहसा जात नाही.

म्हणून नोंदणी विभागाला विनंती आहे की, हक्क सोडणाऱ्या स्त्रीला भाऊबंद दालनाबाहेर असताना तिच्या हिस्स्याचे क्षेत्र आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार त्याची किंमत तोंडी सांगावी आणि तसे सांगितल्याची नोंद दस्तावर घ्यावी. साध्या फेरफारावर हरकत घ्यायला आपण पंधरा दिवस देतो. वारसनोंद आणि हक्कसोडपत्र यांच्यामध्येही निदान तेवढे दिवस जाऊ द्यावेत.

– एक सेवानिवृत्त मंडळ अधिकारी, जि. सातारा