तात्याच्या रानात बोअरची गाडी

पक्या,

माझी तब्येत बरी, आईचे गुडघे तसेच. लिहायचं कारण वेगळंच आहे, फोनवर सांगितलं असतं तर अर्ध्यातच तापला असतास. काल रात्री तात्याच्या रानात बोअरची गाडी लागली. तात्याच्या! पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या उन्हाळ्यात आपल्या आधी डोंगरावर टिकाव घेऊन हजर असायचा, तुझ्या हाताला फोड आले तर "पाव्हणं, लोणी लावा" म्हणून हसायचा, तोच. चरात पाणी जिरलं, विहिरी चढल्या आणि आता त्याच पाण्याच्या जिवावर त्याला ऊस लावायचाय.

खणायला आख्खं गाव येतं रे, पण जिरलेलं पाणी कसं वापरायचं हे ठरवायला ग्रामसभेचा कोरम भरत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात, शेतीला बोअर नाही, ऊस नाही. विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने तर ७२ च्या दुष्काळानंतर पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी वाटलं, भूमिहीनालासुद्धा हक्क दिला. आपल्याकडे मात्र जनजागृती म्हणजे एक बॅनर, एक भाषण, हजेरीच्या सह्या, संपलं. याचा मला फार त्रास होतो.

तू म्हणशील, आधी बोअरबंदीचा ठराव घ्या म्हणून मी पारावर घसा फोडला होता. फोडलास, माझ्या सदऱ्यावर चहापण सांडलास. तरी मला अजून पटत नाही. नुसता ठराव दप्तरात पडून राहतो, माणूस स्वतःच्या विहिरीचा आकडा ऐकतो. आता शाळेतली पोरं दोरीला दगड बांधून विहिरींची पातळी मोजतात, शाळेच्या भिंतीवर लिहितात. परवा बचत गटात मी सांगितलं, एक हेक्टरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, एक मोठा टँकर. टँकर म्हटल्यावर बायका पुढे सरकल्या, त्यांची आख्खी हयात टँकरच्या रांगेत गेलीय. तात्याच्या घरच्या काकूने विचारलं, मग उसाला किती टँकर? हेक्टरी दीड हजाराच्या वर, म्हणालो, आणि आपल्याकडे पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे पाचशेच टँकर. काकू एकदम गप्प झाली. आणि काल तिच्याच रानात गाडी!

आज सकाळी तीच घरी आली, म्हणाली सभेत भिंतीवरचे आकडे मी वाचते, बघू कोण काय बोलतंय. तात्यासमोर वाचणार ती, मला धाकधूक आहे.

तुझी नवी नोकरी कशी? वहिनींना नमस्कार, पोरीला दहावीला शुभेच्छा. रब्बीच्या पेरणीआधी सभा आहे, तू येच, तात्या तुझं ऐकतो. आणि हिवरे बाजारच्या ताळेबंदाच्या फळ्याचा फोटो काढला होतास तो शोधून पाठव, काकूला दाखवायचाय.

तुझा,
बाळ्या