रामटेकच्या खासदारासाठी ठराव आपणही करावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना भारतरत्न द्यावं, असा ठराव तेलंगणाच्या विधानसभेने 8 सप्टेंबर 2020 ला केला. मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनीच तो मांडला होता. संसदेत त्यांचं तैलचित्र लावावं, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाला त्यांचं नाव द्यावं, असंही त्यात होतं. नागपुरात तेव्हा करोनाचा कहर होता, माझी रंगकामं बंद पडली होती. घरी बसून ती बातमी मी दोनदा वाचली. आनंद झालाच, पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. ती आज लिहितो आहे.

मी मूळचा रामटेकचा. वडिलांचा पानमळा होता, मी मात्र ब्रश हातात घेतला. डिसेंबर 1984 मध्ये लोकसभेची निवडणूक लागली तेव्हा मी 19 वर्षांचा होतो आणि एका पेंटरकडे पाट्या रंगवायला शिकत होतो. उस्तादांनी मला प्रचाराच्या भिंती दिल्या. आधी चुन्याचा हात मारायचा, तो सुकला की दोरी ताणून रेघा आखायच्या, मग गेरूने अक्षरं आणि शेवटी पंजा. पंजाची बोटं मला साधायची नाहीत, ती उस्ताद स्वतः काढायचे. उमेदवाराचं नाव कागदावर ‘नरसिंह राव’ असं तोडून लिहून आलं होतं. आम्ही ते भिंतीवर ‘नरसिंहराव’ असं जोडूनच काढलं, आपल्याकडच्या माधवराव-गणपतरावांसारखं. कोणी हरकत घेतली नाही.

आंध्रचा माणूस रामटेकला कशाला, ही कुरकुर गावात होती. मी स्वतः ऐकली आहे. मग लोकांनी त्यांचं मराठी ऐकलं आणि कुरकुर बरीच निवली. स्वच्छ, वाचलेल्या माणसाचं मराठी होतं ते. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि कायद्याची पदवी त्यांनी आपल्या नागपूर विद्यापीठातून घेतली, हे मला फार पुढे कळलं.

त्या निवडणुकीत ते दोन मतदारसंघांतून उभे होते: घरचं हनमकोंडा आणि आमचं रामटेक. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट. काँग्रेसच्या 400 च्या वर जागा आल्या, भाजपच्या देशभरात फक्त 2. त्या दोनांतली एक हनमकोंडाची! घरच्या मतदारांनी त्यांना पाडलं आणि रामटेकने दिल्लीला पाठवलं. 1989 मध्ये देशात काँग्रेसची सत्ता गेली, तरी रामटेकने पुन्हा त्यांनाच निवडून दिलं. 1991 मध्ये ते पंतप्रधान झाले, त्याआधीची सहा-साडेसहा वर्षं लोकसभेत ते आमचे खासदार म्हणून बसले होते.

तेलंगणाला कमीपणा आणण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिथल्या लोकांनी जन्मशताब्दीचं वर्ष मनापासून साजरं केलं, हैदराबादच्या नेकलेस रोडला त्यांचं नाव दिलं. पुढे मनमोहन सिंग गेले तेव्हा त्यांनाही भारतरत्न द्यावं म्हणून त्याच सभागृहाने 30 डिसेंबर 2024 ला ठराव केला. नरसिंह रावांना 9 फेब्रुवारी 2024 ला भारतरत्न जाहीर झालं. त्या दिवशी रामटेकचा माणूस म्हणून माझी मान ताठ झाली, आणि आपण यात कुठेच नव्हतो याचं वाईटही वाटलं. आधी ठराव करण्याचा हक्क आपला होता.

विधानसभेच्या ठरावाने काय होतं, असं माझा मुलगा विचारतो. भारतरत्न पंतप्रधानांच्या शिफारशीवरून राष्ट्रपती देतात, राज्याचा ठराव कोणावर बंधनकारक नसतो, हे खरं. पण सभागृहात बोललेलं कामकाजात छापून राहतं. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंना भारतरत्न द्यावं म्हणून आपल्या विधानसभेने मार्च 2025 मध्ये ठराव केला, तो काय बंधनकारक आहे म्हणून केला? आपल्याला काय वाटतं, ते राज्याने एका सुरात सांगितलं.

रावांच्या नावाला विरोध करणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पडली तेव्हा पंतप्रधान तेच होते. ती जबाबदारी त्यांच्या नावावर राहणार आणि राहावी. माझे एक काका कापूस पिकवायचे, खुल्या बाजाराने आम्हाला काय दिलं म्हणून ते शेवटपर्यंत रागावलेले होते. तो राग मला खोटा वाटत नाही. पण 1991 मध्ये परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं, देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं होतं. त्या वेळी मनमोहन सिंगांना अर्थमंत्री करून त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला माणूसही हाच. आणि पंचायत राज्याची 73 वी घटनादुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. बायकांसाठी एक तृतीयांश जागा घटनेत लिहिल्या गेल्या. माझी वहिनी ग्रामपंचायतीत निवडून आली ती अशाच राखीव जागेवर. पहिल्या सभेला ती डोक्यावरचा पदर सावरत गेली आणि परत येऊन, नळाच्या पाइपचा विषय आपण काढला, हे तिने तीनदा सांगितलं.

23 डिसेंबर 2004 ला ते गेले. माजी पंतप्रधान असून दिल्लीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले नाहीत. हुसेनसागरच्या काठी, हैदराबादला झाले. हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे भरतं. सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनापासून रामटेक सुमारे 50 किलोमीटर. तिथल्या सभागृहात, येत्या हिवाळी अधिवेशनात, रामटेकने दोनदा निवडून दिलेल्या या खासदाराबद्दल कृतज्ञतेचा ठराव व्हावा. सरकारने मांडला तर उत्तमच. नाहीतर विदर्भातल्या कुठल्याही आमदाराने अशासकीय ठराव म्हणून सूचना द्यावी, पक्ष कोणताही असो.

पुतळा नको. रामटेकला त्यांच्या नावाने ग्रंथालय आणि अभ्यासिका व्हावी, एवढं त्या ठरावात असावं. आमच्या पोरांना एमपीएससीचा अभ्यास करायला नागपूरला खोली घेऊन राहावं लागतं. एका कपाटात मराठीतून तेलुगूत आणि तेलुगूतून मराठीत आलेली पुस्तकं ठेवावीत. कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ रामटेकलाच आहे, पुस्तकं निवडायला तिथली जाणती माणसं मिळतील.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घराची रस्त्याकडची भिंत पाडली. रंगाचे पाच-सहा थर निघाले आणि खाली गेरूतलं ‘सिंहराव’ दिसलं, माझ्याच हातचं. ‘नर’ पावसाने धुऊन नेलं होतं. मिस्त्रीला थांबवून मी बराच वेळ तिथे उभा होतो. ग्रंथालय झालं तर त्याची पाटी मी रंगवून देईन. फ्लेक्स नाही, हाताने. मजुरी घेणार नाही.

आपला,
एक पेंटर, मूळ रामटेक, सध्या नंदनवन, नागपूर