ठोक पगारात दोन हिशोब बुडतात

मा. संपादक,

एप्रिल आला की कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत पगारवाढीची कुजबुज सुरू होते. इथल्या लहान फाउंड्र्या (लोखंड वितळवून ओतण्याचे कारखाने) आणि मशीन शॉपमध्ये रूढ पद्धत ठोक पगाराची, ‘सगळं धरून चौदा हजार’. त्यात मूळ पगार किती, महागाईपोटी किती आणि हातातल्या कसबाचे किती, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. वर्षाने सातशे रुपये वाढवले की मालकाला वाटते वाढ दिली आणि कामगाराला वाटते भीक घातली. हिशोब साधा आहे. चौदा हजारांवर सातशे म्हणजे पाच टक्के. समजा त्याच वर्षात औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक (महागाई मोजणारा आकडा) १४० वरून १४७ वर गेला, तर तेही पाच टक्केच. म्हणजे महागाई भरून निघाली, वाढ शून्य. वर्षभरात दोन मशीन जास्त शिकलेल्या पोराला त्या शिकण्याचा एक रुपया मिळाला नाही.

घर चालवायला लागणारा पैसा आणि कामाची किंमत हे दोन वेगळे हिशोब आहेत, आणि ते एका आकड्यात कोंबल्यावर दोन्ही बुडतात.

आधी घराचा हिशोब. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा पाया ठरवला. कमावता १, जोडीदार ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, अशी तीन उपभोग एकके (एक एकक म्हणजे एका कमावत्या माणसाचा खप) आणि दर एककाला रोज २,७०० उष्मांक. (सासू-सासरे, आई-वडील या गणितात कुठेच नाहीत. आपल्याकडच्या घरांत मात्र ते असतात.) पुढे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्के भर घालायला सांगितली. वेतनाचे जुने कायदे एकत्र करणाऱ्या वेतन संहितेच्या केंद्रीय मसुदा नियमांत हाच सांगाडा आहे: वर्षाला ६६ मीटर कापड, अन्न व कापडाच्या दहा टक्के घरभाडे, इंधन-वीज व किरकोळ खर्चाला एकूण वेतनाच्या वीस टक्के आणि शिक्षण-आरोग्याला पंचवीस टक्के.

आता आकडे घालून पाहा. किराणा, भाजी, दूध मिळून रोजचे २८० धरले तर महिन्याला ८,४००. कापड शिलाईसह ६००. झाले ९,०००. भाडे त्याच्या दहा टक्के, ९००. बेरीज ९,९००. इथे हमखास चूक होते. उरलेले वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस टक्के या ९,९०० वर चढवले जातात आणि उत्तर येते १४,३५५. पण ते पंचेचाळीस टक्के एकूण वेतनाचे आहेत. म्हणून ९,९०० हे पंचावन्न टक्के झाले, आणि ९,९०० ला ०.५५ ने भागून १८,००० येतात. एका चुकलेल्या भागाकाराने घरातले ३,६४५ रुपये जातात. आणि नऊशे रुपयांत कुपवाडला खोली कोण देतो, तो प्रश्न वेगळाच.

दुसरी चूक भागिले तीसची. मासिक पगाराचा रोज काढताना २६ ने भागायचे, कारण चार साप्ताहिक सुट्ट्या पगारी असतात. १५,६०० चा रोज ६०० पडतो. तीसने भागले की ५२०. तासाला ७५ च्या जागी ६५. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे १५० च्या जागी १३०. महिन्याला चाळीस तास ओव्हरटाइम करणाऱ्याचे आठशे रुपये असेच गळतात, आणि गैरहजेरी कापताना मात्र २६ चा भागाकार बरोबर आठवतो.

हा झाला तळ. त्याच्यावरची चढण कामाच्या किमतीने ठरते. ती ठरवताना माणूस बघायचा नसतो, जागा बघायची असते. घरात खाणारी तोंडे जास्त म्हणून एकाला जास्त आणि सडाफटिंग म्हणून दुसऱ्याला कमी, असे करता येत नाही. चार गोष्टींना गुण द्यावे लागतात: कसब, जबाबदारी, अंगमेहनत आणि कामाची जागा. जबाबदारी मोजायची सोपी कसोटी म्हणजे ‘हा चुकला तर नुकसान किती?’

फर्नेसवरचा माणूस घ्या. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेले लोखंड नेण्याच्या भांड्यात, फेरोसिलिकॉन हा मिश्रधातू टाकल्यावर ओतायला उशीर झाला की त्याचा परिणाम ओसरतो, कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) पातळ कडा पांढऱ्या आणि कडक येतात, आणि पुढे मशीन शॉपमध्ये इन्सर्ट (धातू कापणारी पाती) तुटायला लागतात. पाचशे किलोची हीट (एका वेळी वितळवलेला माल) भंगारात गेली तर नुसत्या वितळवण्याची तीनशेच्या आसपास युनिट वीज वाया जाते. शिवाय साचे, वाळू, माणसांचा वेळ. तरी हजेरीपटावर तो ‘हेल्पर’, आणि एसी केबिनमध्ये बसून नोंदी करणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त. कोअर, म्हणजे ओतीव भागातली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, करणाऱ्या कोअर शॉपमधल्या बायकांचेही तेच. पातळ कोअर तडा न जाता काढणे हे बोटांचे कसब आहे. पण बाई म्हणून तिला अकुशल लिहितात, आणि पुरुष तेच काम करू लागला की अर्धकुशल. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, आता ती तरतूद वेतन संहितेत आहे.

तळ आणि चढण एकत्र न पाहिल्याचा आणखी एक परिणाम मालकांनाच भोवतो. राज्याच्या किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईपोटीचा भाग) जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यामुळे हेल्परचा पगार कायद्याने उचलावा लागतो. सीएनसी (संगणकावर चालणारे मशीन) ऑपरेटर आधीच वर असतो म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. हेल्पर १३,००० वरून १४,३०० वर जातो, ऑपरेटर १६,००० वरच. तीन हजारांचे अंतर सतराशेवर येते. असे दोन-तीनदा झाले की ऑपरेटर शिरवळ नाहीतर चाकणची गाडी पकडतो, आणि मग ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणून आपण बैठका घेतो.

पगारपत्रकावर तीन ओळी वेगळ्या छापाव्यात: मूळ पगार, महागाई भत्ता, कौशल्यवाढ. महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे टक्केवारीत सगळ्यांना द्यावा, म्हणजे अंतर टिकते. कौशल्यवाढ एप्रिलमध्ये गुणांवर द्यावी, आणि यंदा द्यायची नसेल तर त्या ओळीत शून्य लिहावे. निदान कळेल तरी. भत्ता ‘वाहन’ किंवा ‘इतर’ या नावाने दडवून भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी वाचवायची वाट आता अरुंद झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे वेतनातून वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

मालकांची अडचण खोटी नाही. गाड्यांच्या कंपन्या किलोवर दर बांधून देतात. त्यात पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि भंगाराच्या भावातला फरक बहुधा मिळतो, पण मजुरीतला मिळत नाही. हाच मुद्दा इथल्या कारखानदारांनी पुढच्या दरकराराच्या वेळी एकत्र मांडावा: धातूच्या फरकाच्या कलमाखाली निर्देशांकाला जोडलेले मजुरीच्या फरकाचे एक कलम.

— पगारपत्रके करणारे काही जण, कुपवाड, जि. सांगली