वहिनींच्या नोकरीचं आधी बघ

लातूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वाळूजच्या कंपनीकडून तुझं जर्मनीचं पक्कं झालं, वाचून फार आनंद झाला. पत्रात पगार, घर, सामान सगळं आलंय. वहिनी इथं शाळेत शिकवतात, त्यांच्या नोकरीबद्दल मात्र एकच ओळ: ‘तिचं तिथं गेल्यावर बघू.’ गड्या, हे गेल्यावर बघायचं काम नाही. तुझा व्हिसा कंपनीची माणसं काढतील. वहिनींच्या कागदांना त्याहून जास्त वेळ लागतो, अन् ते मिळतात लातूर, औसा, नांदेड इथंच.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. तुला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) मिळणार असेल तर वहिनींना व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची, परीक्षा लागत नाही आणि तिथं नोकरीची मुभाही असते. त्यांचं निवास कार्ड हातात पडलं की त्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिश्काइट एर्लाउब्ट’, म्हणजे कामधंद्याला परवानगी, हे शब्द आहेत का ते लगेच बघा. अमेरिकेत असं नसतं. तिथं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याची बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर जाते आणि नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठीचा आय-140 अर्ज मंजूर होईपर्यंत तिला बहुधा घरीच बसावं लागतं.

पण परवानगी असली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. वहिनी संगणक क्षेत्रात असत्या तर पदवीच्या औपचारिक मान्यतेवाचूनही काम मिळालं असतं. शाळामास्तरकीचं तसं नाही. सरकारी शाळेत शिकवायला त्या त्या राज्याची मान्यता लागते, आणि जर्मनीतल्या सोळाही राज्यांचे नियम आपापले. बहुतेक ठिकाणी शिक्षकाला दोन विषय लागतात. वहिनींची पदवी गणिताची, बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती विज्ञानाची असली, तरी पदवीत त्या विषयाचे किती तास झाले ते तिकडं मोजतात. म्हणून नुसत्या गुणपत्रिका पुरत नाहीत. विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांचा अन् गुणांचा अधिकृत उतारा) आणि त्या वर्षांचा शिक्का मारलेला अभ्यासक्रम, दोन्ही घ्या. लातूरची कॉलेजं 1994 पासून नांदेडच्या विद्यापीठाकडं आहेत, तेव्हा खेप नांदेडची. संभाजीनगरला जाऊ नका. शाळेचा अनुभव दाखला ‘काम समाधानकारक’ एवढ्यावर घेऊ नका. त्यात रुजू झाल्याची तारीख, इयत्ता, विषय, आठवड्याच्या तासिका आल्या पाहिजेत. आणि राजीनामा तर आत्ता देऊच नका. संस्था देत असेल तर बिनपगारी रजा घ्या.

खरी मेख नावात असते. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर तुझं नाव-आडनाव, पासपोर्टवर तिसरंच काही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्ट माहेरच्या नावानं असेल तर राहू द्या. नाव आधीच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद करून घ्या आणि तिची प्रत प्रत्येक अर्जाला जोडा. तुमचं लग्न गावाकडं झालं. ग्रामपंचायतीत नोंद केलीय का? नसेल तर लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार घेऊन ती आधी करा.

भाषेचं आत्तापासून धरा. व्हिसाला ए-वन लागत नाही म्हणून शिकायचंच नाही, ही चूक फार जण करतात. मास्तरकीच्या मान्यतेला बहुतेक ठिकाणी सी-वन किंवा सी-टू, म्हणजे सगळ्यांत वरच्या दोन पातळ्या, मागतात. ती दोन-तीन वर्षांची मेहनत आहे. तिथला परदेशातून आलेल्यांसाठीचा सरकारी इंटिग्रेशन कोर्स 600 तास भाषेचा अन् 100 तास समाज-कायद्याचा असतो, पण तो बी-वनपर्यंतच, म्हणजे मधल्या पातळीपर्यंतच, नेतो. तोवर इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांत अर्ज करत राहा. खासगी शाळांचे नियम वेगळे असतात.

अन् हे सगळं अडतं ते लेकीपाशी. वर्षाच्या पुढच्या लेकराला पाळणाघरात जागा मिळण्याचा तिथं 2013 पासून कायदेशीर हक्क आहे, तरी जागा कमी आणि वाट लांब. जागा नाही तर क्लास नाही, क्लास नाही तर नोकरी नाही. म्हणून घर मिळताच दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करा (घरमालकाचं सहीचं पत्र लागतं) आणि त्याच आठवड्यात पाळणाघराचे अर्ज टाका. टपालपेटीवर वहिनींचंही आडनाव चिकटवा. तिथला पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसलं तर त्यांचा टॅक्स नंबरही परत जातो.

वहिनींना नोकरी लागली की करवर्गाकडं, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या क्रमांकाकडं, लक्ष दे. तुला तीन अन् त्यांना पाच घेतला तर त्यांच्या हाती फार थोडा पगार पडतो आणि ‘एवढ्याशासाठी कशाला राबायचं’ असं वाटायला लागतं. दोघांनाही चार घ्या.

कंपनीशी बोलणं अजून चालू आहे तर वहिनींच्या भाषावर्गाची फी, कागदांचं भाषांतर आणि पदवी मूल्यांकनाचा खर्च नेमणूकपत्रात लिहून घे. तोंडी ‘देऊ की’ चालत नाही. सही झाल्यावर मनुष्यबळ विभागाच्या हातात काही राहत नाही.

या रविवारी वहिनींचा पासपोर्ट, बी.एड.ची पदवी आणि आधार शेजारी ठेव, नावं अक्षर न अक्षर ताडून बघ, आणि फरक असेल तो तस्साच मला लिहून पाठव.

तुझा,
लातूरचा मित्र