‘एच’ नसलेली पेनी

डोंबिवली

प्रिय अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. ब्रिटनची १८८२ ची पेनी आहे, तारखेखाली ‘एच’ हे अक्षर दिसत नाही. विकणारा ती लंडनच्या टांकसाळीची आणि दुर्मिळ असल्याचं सांगतोय, किंमतही तशीच मागतोय. घेऊ का, असं तू विचारलंस. आत्ता घेऊ नकोस. पैसे तुझे आहेत, कष्टाचे आहेत, त्यात मी पडणार नाही. पण ‘एच’ असलेली १८८२ ची पेनी तू अजून एकदाही हातात धरलेली नाहीस. तो ‘एच’ केवढा असतो, आकड्यांच्या किती खाली येतो, नाणं झिजत गेलं की त्याचं काय उरतं, हे डोळ्यांत बसल्याशिवाय ‘एच’ नाही असं म्हणायचं कशाच्या आधारावर?

त्या वर्षी झालं असं. लंडनच्या टॉवर हिलवरच्या रॉयल मिंट या सरकारी टांकसाळीत १८८२ साली यंत्रं बदलण्याचं मोठं काम निघालं आणि तिथलं नाणी पाडणं थांबलं. पेन्यांचं काम गेलं बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन अँड सन्स या खाजगी टांकसाळीकडे. १८७४ पासून अधूनमधून त्यांना हे काम मिळतच होतं, आणि आपण पाडलेलं नाणं ओळखू यावं म्हणून ते तारखेखाली बारीक ‘एच’ ठेवत. त्यामुळे १८८२ ची पेनी म्हटली की ‘एच’ असायचाच. तरी ‘एच’ नसलेल्या थोड्या पेन्या सापडतात, त्या लंडनच्या मानल्या जातात आणि त्यांना खरोखर मोठी किंमत येते. म्हणूनच घोटाळाही तिथेच होतो. नाणं वीस-तीस वर्षं लोकांच्या हातांतून फिरलं की ते इवलंसं अक्षर पुसट होतं. ते मुद्दाम खरवडून काढणारेही आहेत. तुझ्या फोटोत प्रकाश सरळ वरून पडलाय, त्यामुळे तारखेखालची जागा सपाट दिसते आणि काहीच सांगता येत नाही. खरवडलेली जागा तिरक्या उजेडात कळते. आजूबाजूच्या पृष्ठापेक्षा ती किंचित खोल असते, तिची चमक वेगळी असते, कधी बारीक समांतर ओरखडे दिसतात.

तू राहतोस त्याच शहरात आयकनील्ड स्ट्रीटवर हीटनच्या टांकसाळीची जुनी दर्शनी इमारत उभी आहे. कंपनी २००३ साली बंद पडली. एखाद्या रविवारी जाऊन ये. ज्या नाण्यावर तू पैसे घालायला निघाला आहेस त्याची सगळी ओळख त्या भिंतींच्या आत काय घडलं आणि काय नाही घडलं यावर ठरते.

ही वेगळेपणं मुळात येतात कुठून, हे तू फोनवर विचारलं होतंस, तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं, म्हणून मला ते छपाईच्या अक्षरखिळ्यांवरून पटकन कळतं. एखाद्या ‘क’चा खिळा टोकाशी तुटला की त्या खिळ्याने छापलेल्या प्रत्येक प्रतीत तेच टोक तुटलेलं येतं. नाणं ज्या पोलादी साच्याने पाडतात त्या ठशाचंही तसंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुख्य चित्र ठशावर यंत्राने उतरत असे, पण वर्षाचे शेवटचे आकडे कारागीर अनेकदा हातोडी आणि छिन्नीसारख्या पंचाने ठोकून बसवी. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन पेन्यांमध्ये आकड्यांमधलं अंतर वेगळं येतं. पोलादाचा ठसा महाग, म्हणून उरलेल्या जुन्या ठशावरच नवा आकडा ठोकत. १८६५ च्या काही पेन्यांवर ५ च्या आत ३ दिसतो तो असा. १८६४ मध्ये ४ हा आकडा दोन तऱ्हांचा आहे, एक साधा आणि एक आडव्या रेघेच्या टोकाला उभा काप असलेला. १८६३ च्या मोजक्या पेन्यांवर तारखेखाली बारीक अंक आहे, तो ठशाचा क्रमांक. ती पेनी फारच क्वचित मिळते. १८६४ नंतर काही वर्षं शिलिंग या चांदीच्या नाण्यांवर मात्र ठशाचे क्रमांक सर्रास सापडतात, आणि तिथे त्यांचं फारसं मोलही नाही. तेच चिन्ह एका नाण्यावर दुर्मिळ आणि दुसऱ्यावर नेहमीचं. नुसती यादी पाठ करून हे जमत नाही, त्याचं कारण हेच.

सुरुवात १८६० पासून कर, असं मी तुला सांगते. त्या वर्षी ब्रिटनने जाड तांब्याची पेनी सोडून ब्राँझची पातळ, हलकी पेनी काढली. शंभरात ९५ भाग तांबं, ४ कथील, १ जस्त. वजन साधारण ९.४ ग्रॅम. लेनर्ड चार्ल्स वायन याने राणीचा तरुण चेहरा कोरला, केसांचा मागे अंबाडा बांधलेला, त्यावरून संग्राहक तिला ‘बन पेनी’ म्हणतात. पहिल्या पेन्यांची कड मण्यांची होती, त्याच वर्षात ती बदलून दातेरी केली. त्या बदलाच्या धामधुमीत एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दाते अशी जोडीही काही नाण्यांवर आली. ती ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही, फक्त नाणं उलटून दुसरी कडही पाहण्याची सवय लागते. बहुतेक लोक एकच बाजू पाहून नाणं खाली ठेवतात.

दुसरा सराव ब्रिटानियावर कर, म्हणजे पेनीच्या मागच्या बाजूला त्रिशूळ घेऊन बसलेल्या, ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीवर. १८९५ साली थॉमस ब्रॉकने कोरलेला, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या म्हाताऱ्या राणीचा चेहरा आला आणि मागच्या बाजूला ब्रिटानियाजवळचं दीपगृह आणि जहाज गेलं. त्या वर्षीच्या पेन्या दोन प्रकारच्या आहेत. ब्रिटानियाच्या हातातला त्रिशूळ आणि ‘पेनी’ शब्दातलं ‘पी’ यांच्यात बहुतेक नाण्यांवर एक मिलिमीटर अंतर आहे, थोड्यांवर दोन. दोन मिलिमीटरवाली दुर्मिळ. १९०२ मध्ये एडवर्ड राजा आला तेव्हा समुद्राची रेषा हलली. नेहमीच्या नाण्यावर ब्रिटानियाचे पाय जिथे एकमेकांवरून जातात तिथे क्षितिज टेकतं, काहींवर ते त्याच्या खाली असतं. या दुसऱ्या प्रकाराला ओहोटीची पेनी म्हणतात. ती फार महाग नाही, बाजारात मिळते, आणि नजर तयार करायला तिच्यासारखं नाणं नाही. भरतीची आणि ओहोटीची शेजारी शेजारी ठेव आणि दहा मिनिटं नुसतं बघ.

पाचव्या जॉर्जची नाणी मला सगळ्यांत आवडतात, कारण तिथे एका अडचणीशी टांकसाळ वर्षानुवर्षं झगडताना दिसते. बर्ट्रम मॅकेनल या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराने राजाचा चेहरा कोरला. चेहरा मोठा आणि उठाव जास्त. नाणं पाडताना धातू त्या चेहऱ्याकडे ओढला जाई, मागच्या बाजूला तेवढाच कमी पडे, आणि ब्रिटानियाच्या आरपार राजाच्या डोक्याची फिकट बाह्यरेषा उमटे. याला संग्राहक भुताटकी म्हणतात. तुझ्याकडे १९११ ते १९२६ मधली कुठलीही झिजलेली पेनी असेल तर मागची बाजू तिरक्या उजेडात धर, राजाचं डोकं दिसेल. आता यावरचे उपाय बघ. १९१५ आणि १९१६ च्या काही पेन्यांवर कान जास्त खोल कोरलेला आहे. १९२६ मध्ये चेहराच सुधारला, पण त्याच वर्षी जुन्या चेहऱ्याचीही नाणी निघाली, म्हणून १९२६ दोन प्रकारांत मिळतं. सुधारलेला चेहरा फार कमी नाण्यांवर आहे. जुन्या चेहऱ्याच्या मानेशी शिल्पकाराची आद्याक्षरं ‘बी’ आणि ‘एम’ ठिपक्यांसह आहेत, सुधारलेल्यावर ठिपके नाहीत. १९२८ पासून डोकं लहान केलं आणि प्रश्न मिटला. आता सांग, कान खोल असलेली पेनी नुसती ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणून खरेदी करणाऱ्याला यातलं काय मिळालं?

याच राजाच्या काळात काम पुन्हा बाहेर द्यावं लागलं. १९१२, १९१८ आणि १९१९ च्या हीटनच्या पेन्यांवर ‘एच’ तारखेच्या डावीकडे आहे, खाली नाही. १९१८ आणि १९१९ मध्ये किंग्ज नॉर्टन मेटल कंपनीचं ‘केएन’ही तिथेच सापडतं. किंग्ज नॉर्टन म्हणजे तुमच्याच गावचं. ‘केएन’वाल्या पेन्या बऱ्याचदा इतक्या झिजलेल्या मिळतात की दोन अक्षरं एक डाग वाटतो. स्वच्छ वाचता येणारी मिळाली तर घे, त्याबद्दल मी विचारणार नाही.

१९३३ च्या पेनीची गोष्ट तुला ठाऊक असेलच. बँकांकडे पेन्यांचा साठा भरपूर होता म्हणून त्या वर्षी चलनासाठी पाडल्याच नाहीत, फक्त इमारतींच्या पायाभरणीत ठेवण्यासाठी आणि संग्रहालयांसाठी मोजक्या काढल्या. ती शोधण्यात वेळ घालवू नकोस. १९३५ च्या ५ चा ३ केलेल्या नकली पेन्यांनी अनेकांना फसवलंय.

नाणी स्वच्छ करण्याबद्दल मात्र मला कडक बोलावं लागेल. तू लिहिलंस की एक काळपट पेनी व्हिनेगर-मिठात बुडवली आणि छान गुलाबी झाली. पुन्हा असं करू नकोस. देवघरातली तांब्याची भांडी मी चिंचेने घासते, कारण ती रोज वापरायची आहेत. नाण्यावरचा तपकिरी थर शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू बनलेला असतो, आणि तोच त्याचं पृष्ठ सांभाळतो. तो गेला की बारीक खुणाही जातात, आणि जाणकार माणूस ते नाणं हातात घेऊन लगेच परत ठेवतो. मातीच चिकटली असेल तर साध्या पाण्यात भिजव, मऊ कपड्याने टिप, घासू नकोस. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नकोस, त्यातून निघणाऱ्या आम्लाने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. आम्लरहित कागदाची पाकिटं चांगली. तिकडच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी ठेव.

आप्पांचा ट्रेड डॉलर पाठव म्हणालास, तो पाठवता येणार नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तू घरी येशील तेव्हा बघ. पण ते नाणं तुझ्या विषयाशी किती जोडलेलं आहे ते आत्ताच सांगते, कारण मला राहवत नाही. त्यावर उभी ब्रिटानिया आहे, मागे जहाज, आणि दुसऱ्या बाजूला ‘एक डॉलर’ चिनी आणि मलय लिपीत. हाँगकाँग आणि सिंगापूरकडच्या व्यापारासाठी केलेलं हे चांदीचं नाणं, १८९५ पासून बहुतेक पाडलं गेलं ते आपल्या फोर्टातल्या मुंबईच्या टांकसाळीत. त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर भिंगाने पाहिलं तर खोल कोरलेला ‘बी’ दिसतो. तो बॉम्बेचा. आप्पा गोदीत कामाला होते, त्यांना ते एका खलाशाने दिलं, आणि त्यांनी तो ‘बी’ मला दाखवला तेव्हा मी शाळेत होते. इंग्रजी अक्षर एवढ्या छोट्या जागेत कुणीतरी मुद्दाम ठेवलंय आणि ते आपल्या शहराचं आहे, एवढंच मला त्या वेळी कळलं, पण तेव्हापासून मी नाण्यांच्या कोपऱ्यांत अक्षरं शोधते आहे.

त्याच टांकसाळीत १९१८ सालचे सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटनची सोन्याची नाणीही पाडली, सुमारे तेरा लाख. युद्धामुळे जहाजांतून सोनं लंडनला नेणं धोक्याचं झालं होतं. त्यांच्या मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज आहे, त्या घोड्याखालच्या जमिनीवर, तारखेच्या वर, ‘आय’ असतो, इंडियाचा. मुंबईने सॉव्हरिन पाडले ते त्या एकाच तारखेचे. इंग्लंडात ते सहज दिसतील, विकत घेण्याची घाई नाही, पण एखाद्या दुकानात दिसलं तर मागून हातात घेऊन बघ.

आता करायचं काय. १८८२ चे पैसे बाजूला ठेव. एखाद्या नाण्यांच्या जत्रेत किंवा दुकानात झिजलेल्या पेन्या वजनावर मिळतात, त्यातल्या किलोभर घे. शंभराहून जास्त येतील. तारखेप्रमाणे लाव, प्रत्येकीची दोन्ही बाजू बघ, वहीत लिहून ठेव. त्यात बहुधा काहीही दुर्मिळ नसेल. पण दोन महिन्यांनी तुला नेहमीची पेनी इतकी ओळखीची होईल की वेगळी आली तर हात आपोआप थांबेल. त्यात १८८२ ची ‘एच’वाली निघाली तर उत्तम, नाही तर एक वेगळी विकत घे, स्वस्त मिळते. मग ती खिशात घालून त्या विक्रेत्याकडे जा, दोन्ही शेजारी ठेवू दे म्हण, आणि टॉर्च बाजूने मारून तारखेखाली बघ. तो हातात द्यायला तयार नसेल तर तिथून नीघ.

फोटो पाठवताना आता दिवा डावीकडे खाली ठेव, दोन्ही बाजू पाठव, आणि वजन ग्रॅममध्ये लिही. बाबांची तब्येत बरी आहे, तुझ्या थंडीच्या कपड्यांची चौकशी करत होते. पुढच्या रविवारी फोन कर, तोपर्यंत मी इकडे माझ्या ‘एच’वाल्या १८८२ चे फोटो काढून ठेवते.

तुझी,
आई