पाऊस लागायच्या आत पोहायला शीक

ता. औसा, जि. लातूर
वैशाख वद्य पंचमी

चि. बालाजी यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मोबाईलवरचा लांबलचक निरोप आम्ही रात्री अंगणात बाजेवर बसून ऐकला. आजीनं पुन्हा लावायला लावला. आखितीला आलास तेव्हा लोक विचारायचे, लक्षद्वीपच्या त्या मिनिकॉय बेटावर, लाइट हाऊसवर काम काय असतं रे, तर ‘दिवा लावायचा’ एवढं बोलून तू मोकळा व्हायचास. आता उन्हाळ्याचा अख्खा दिवस सांगितलास, उजाडल्यापासून रात्रीपर्यंत. लई बरं वाटलं. पण शेवटी जाता जाता म्हणालास की रविवारी मासेमारांच्या होडीत बसून प्रवाळाच्या भिंतीबाहेर जाऊन आलो, तिथं पाणी एकदम काळंनिळं होतं. माय तेव्हा आत झाकपाक करायला गेली होती. मी पुढचं नीट ऐकलंच नाही.

बाळू, तुला पोहता येत नाही.

फोनवर बोलायचं तर रेंज जाते, नाहीतर माय फोन ओढून घेते. म्हणून लिहायला बसलो. बाप म्हणून लिहितो, रागावलेलो नाही. हे एकदा लिहिलं, आता पुन्हा लिहिणार नाही.

इकडे ऊन लई आहे. पारा ४२ च्या पुढे गेलाय. नांगरट झाली, ढेकळं तापत पडलीत. बोअर दुपारनंतर गुळण्या टाकतं. नानाच्या गुडघ्याचं तसंच आहे. खालच्या वावराचं त्यानं अजून नाव काढलेलं नाही, मीही काढलं नाही. आक्काचं पत्र येऊन गेलं, तिला आता सगळं ठीक आहे.

तुझं काम मला थोडं थोडं कळायला लागलंय. सूर्य वर आला की दिवा बंद करायचा आणि लगेच भिंगाला पडदे ओढायचे. पडदे कशाला, ते मला आधी उमगलं नव्हतं. दिवसाचं ऊन त्या भिंगात शिरलं तर एका जागी गोळा होतं आणि आग लागू शकते. रात्री तेच भिंग दिव्याचा उजेड इकडेतिकडे सांडू न देता लांब समुद्रावर फेकतं. एकच जाडजूड काच न करता काचेच्या कड्या एकीभोवती एक बसवायच्या, ही युक्ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं दोनशे वर्षांपूर्वी काढली म्हणालास. मी पंचायतीच्या शाळेतल्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे. पोरांना शिकवताना आता तुझं नाव सांगतो म्हणाले.

मग वरच्या काचा. बाहेरच्या सज्जात उभं राहून मिठाचा थर काढायचा. आधी गोड्या पाण्यानं धुवायचं आणि मग मऊ कातड्यानं टिपून घ्यायचं. तशीच कोरडी पुसली तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. जवळपास दीडशे फुटांवर, खाली माड, पुढे पाणी. माय म्हणते कठड्याला धरून काम कर. मला त्या कठड्याची भीती नाही. उंचावर माणूस आपसूक सावध असतो. पाण्यात तसं होत नाही, पाणी गुडघ्याएवढं आहे म्हणेपर्यंत गळ्याशी येतं.

आजीचा प्रश्न वेगळाच. मनोरा हलतो का, विचार म्हणाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट तिच्या अंगातून अजून गेलेली नाही. त्या दिवसापासून ती भिंतीला डोकं लावून झोपत नाही हे तुला ठाऊकच आहे. मी तिला सांगितलं, १८८५ सालचा मनोरा आहे, एवढे पावसाळे त्यानं काढलेत. ती ‘व्हय का’ म्हणाली आणि जप करायला लागली. मासे खातोस ते तिला सांगितलेलं नाही.

गोड्या पाण्यानं काच धुतात, हे ऐकून मी बराच वेळ विचार करत होतो. पंचायतीची टाकी भरण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे असेल. बेटावर गोडं पाणी वाळूखाली पातळ थरात असतं, जास्त उपसलं की खारं लागतं. म्हणून २०११ पासून तिथं समुद्राचंच पाणी गोडं करतात. वरचं कोमट पाणी हवा काढलेल्या टाकीत सोडायचं, तिथं कमी दाबानं त्याची वाफ होते. मग साडेतीनशे मीटर खोलवरचं थंडगार पाणी वर ओढून त्यावर ती वाफ थंड करायची. दिवसाला १ लाख लिटर. तू नुसतं ‘प्लँट आहे’ म्हणाला होतास, मी बोलून बोलून काढून घेतलं. ज्यानं डोकं लावलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

तुला २०१६ आठवत असेल. तू अकरावीला लातूरला होतास, रूमवर पोरामागे दोन घागरी. मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तू स्टेशनवर गेलास आणि फोनवर मला डबे मोजून सांगितलेस, दहा. त्यात ५ लाख लिटर होतं. तुमचं यंत्र तेवढं पाच दिवसांत काढतं. मी हिशेब केला तेव्हा मायलाही बोलावून सांगितलं.

तुझ्या सगळ्या सुट्ट्या तशाच कोरड्या गेल्या. २०१२ ला विहिरीत गाळ, २०१४ ला गाळ, २०१५ ला तर मोटारीचा फुटव्हॉल उघडा पडला होता. आम्ही मळ्यातल्या विहिरीवर शिकलो. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, तो फुटला की तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. कमरेला दोर, वरच्या पायरीवर नाना दोर धरून बसलेला. तो मागून ढकलायचा. नाकातोंडात पाणी गेलं की आपण ओरडायचो, आणि नाना दोर ताणायचा नाही, ढिला सोडायचा. तेव्हा त्याचा राग यायचा. हातपाय मारले की आपण वर येतो, हे एकदा अंगाला कळलं की मग पोरं संध्याकाळपर्यंत बाहेर निघत नसत. डोळे लाल, बोटांची कातडी सुरकुतलेली, आणि घरी येऊन चार भाकरी. तुझ्या पाठीला भोपळा बांधायचं माझ्या मनात फार होतं. पाणीच नव्हतं.

म्हणून सांगतो, तिथं शीक. ती माणसं लहानपणापासून पाण्यात आहेत. गळानं एकेक टुना ओढून होडीत टाकणारी माणसं, त्यांना तुला शिकवायला कितीसा वेळ लागेल? आतलं पाणी उथळ आणि शांत आहे म्हणतोस, तिथंच कमरेएवढ्या पाण्यात सुरुवात कर. लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, कुणी हसलं तरी. ओहोटीच्या वेळी प्रवाळातल्या वाटेजवळ जायचं नाही, तिथून पाणी बाहेर ओढतं. ओढीत सापडलास तर तिच्याविरुद्ध ताकद घालवायची नाही, आडवं निघायचं. एकट्यानं उतरायचं नाही. जेवून लगेच उतरायचं नाही. जून लागला की वारा फिरतो, दर्या खवळतो, जहाजांच्या फेऱ्या कमी होतात, कोची तिथून जवळपास ४०० किलोमीटर. तेव्हा

राहू दे. पुन्हा लिहिणार नाही म्हणालो होतो आणि पानभर लिहिलं. मोठा झालास, सरकारी नोकरीत आहेस, तुला कळतं. वाईट वाटून घेऊ नको. तू बाहेर असलास की मला रात्री तेच तेच सुचतं.

परवा पारावर एकानं विचारलं, मोबाईलवर नकाशा असताना दिवा कशाला पाहिजे. मी त्याला तूच सांगितलेलं सांगितलं, पडदा काळा पडला की कप्तान शेवटी खिडकीतूनच बघतो. आखाताकडून सिंगापूरकडे जाणारी मोठमोठी जहाजं तुमच्या बेटाच्या अंगावरून जातात. कोणता दिवा किती वेळानं लुकलुकतो ते त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं, आणि त्यावरून ओळखतात की हे मिनिकॉय. पारावरची माणसं गप्प ऐकत होती. माझ्या पोरानं लावलेला दिवा बघून परमुलखातला माणूस आपली दिशा ठरवतो, हे बोलताना माझा आवाज जरा चढला, नाना म्हणाला.

मायनं येसर, शेंगांची चटणी आणि खारोड्या बांधून ठेवल्यात. कोचीच्या पत्त्यावर पाठवू की जहाजाच्या ऑफिसात, ते कळव. येसराची पुडी ओल धरते, डब्यात घालून ठेव. वेळ अमावस्येला रजा मिळते का तेही आत्ताच बघून ठेव, आंबिल प्यायला तू असलास की आजीला बरं वाटतं.

आणि तुमच्या आवाराजवळ राहणारा तो म्हातारा मासेमार, तुला नारळ देतो म्हणालास, त्याला विचार. शिकवतो का, काय घेईल, कधीपासून सुरू करेल. त्याची भाषा तुला येत नसेल तर हातानं सांग. काय म्हणाला ते मला लिही. मायला मी होडीचं काही बोललेलो नाही, आणि तू शिकलास की तूच सांग.

तुझा,
दादा